एकवीस पत्ते, तीन प्रश्न
हातचलाखीशिवाय साधणारी पत्त्यांची जादू आणि तिच्यातील प्रेक्षकाचे स्थान

पत्त्यांची जादू म्हटली की, सामान्य प्रेक्षकाचे लक्ष जादूगाराच्या बोटांकडे जाते. पत्ता तळहातात लपविणे, वरचा पत्ता देतो असे भासवून दुसराच देणे, पिसल्याचा आभास निर्माण करून पत्त्यांचा क्रम कायम राखणे, ही सारी कौशल्ये वर्षानुवर्षांच्या सरावाने येतात. मात्र पत्त्यांच्या जादूची आणखी एक शाखा अशी आहे की, जिच्यात हातचलाखीला जागाच नाही. ठरलेली कृती ठरलेल्या क्रमाने केली, की अपेक्षित पत्ता अपेक्षित ठिकाणी येऊन बसतो. अशा प्रयोगांना 'आपोआप साधणारी जादू' असे म्हणता येईल. अमेरिकेतील लेखक कार्ल फुल्व्ह्स यांनी १९७६ साली केवळ अशाच पत्त्यांच्या प्रयोगांचे एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

या शाखेतील सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे एकवीस पत्त्यांची जादू. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू आणि बदाम सातचे डाव रंगत असताना एखादा आतेभाऊ किंवा मामा हमखास करून दाखवितो, तीच ही जादू. बहुतेकांना ती करता येते. ती का साधते हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे यश जितके गणितावर, तितकेच समोर बसलेल्या प्रेक्षकावर अवलंबून असते, याकडे तर सहसा कोणाचे लक्षच जात नाही.

तयारी

या प्रयोगाला ५२ पत्त्यांचा कोणताही साधा कॅट चालतो. जोकर बाजूला काढून त्यातील कोणतेही २१ पत्ते मोजून घ्यावेत. ही मोजणी दोनदा करणे श्रेयस्कर. कारण पत्ते २० किंवा २२ झाले तर पुढचे सर्व गणित कोलमडते. मोजलेले पत्ते प्रेक्षकाच्या हाती देऊन त्याला मनसोक्त पिसू द्यावेत. सुरुवातीच्या क्रमाशी या प्रयोगाचा काहीही संबंध नसल्याने त्यात कोणताही धोका नाही; उलट, पत्ते आधी लावून ठेवले असतील हा संशय तेथेच मिटतो.

प्रेक्षकाला टेबलाच्या समोरच्या बाजूस, पुरेशा उजेडात बसवावे. ज्यांना जवळचे पाहण्यासाठी चष्मा लागतो त्यांनी तो लावला आहे ना, हे पाहणे क्षुल्लक वाटले तरी महत्त्वाचे आहे. इस्पिक आणि किलवर यांच्यात गल्लत झाली तर गणित मदतीला येत नाही.

प्रत्यक्ष कृती

पत्त्यांची गड्डी पालथी हातात धरावी. वरचा एकेक पत्ता सुलटा करून डावीकडून उजवीकडे तीन पत्ते मांडावेत. चौथा पत्ता पहिल्याच्या खाली, पाचवा दुसऱ्याच्या खाली, सहावा तिसऱ्याच्या खाली, याप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवीत सर्व पत्ते मांडले की, सात-सात पत्त्यांच्या तीन उभ्या रांगा तयार होतात. मांडताना क्रम मोडता कामा नये. एक रांग आधी पूर्ण करून मग दुसरी लावली, तर प्रयोग साधत नाही.

आता प्रेक्षकाला यांपैकी एक पत्ता मनात धरण्यास सांगावे. त्याने पत्त्याचे नाव सांगावयाचे नाही, पत्त्याला हात लावावयाचा नाही. तो पत्ता कोणत्या रांगेत आहे, एवढेच सांगावयाचे. त्याने रांग दाखविली की, प्रत्येक रांग जशी आहे तशी गोळा करून पालथी करावी आणि दाखविलेली रांग उरलेल्या दोन रांगांच्या मध्ये ठेवावी. या एकत्र झालेल्या गड्डीतून पुन्हा पूर्वीप्रमाणेच तीन रांगा मांडाव्यात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारावा. दाखविलेली रांग पुन्हा मध्ये. हीच कृती तिसऱ्यांदा करावी.

तिसऱ्यांदा गोळा केलेल्या पालथ्या गड्डीत प्रेक्षकाच्या मनातील पत्ता वरून अकरावा असतो. त्याच्या वर दहा पत्ते आणि खाली दहा पत्ते. मधल्या काळात गड्डी पिसू नये किंवा काटूही नये, हे एकमेव पथ्य.

असे का घडते?

पहिल्या उत्तरानंतर दाखविलेली रांग मध्ये जाते. म्हणजेच मनातील पत्ता आठव्या ते चौदाव्या क्रमांकाच्या दरम्यान कोठेतरी असतो. एकवीस शक्यतांतून सातच उरल्या. दुसऱ्यांदा मांडताना प्रत्येक आडव्या ओळीत तीन पत्ते जातात. त्यामुळे आठवा व नववा पत्ता तिसऱ्या ओळीत, दहावा ते बारावा चौथ्या ओळीत, तर तेरावा व चौदावा पाचव्या ओळीत येतो. हे सातही पत्ते असे तीन रांगांत विखुरतात. प्रेक्षकाने पुन्हा रांग दाखविली की, त्या रांगेतील तिसरा, चौथा किंवा पाचवा पत्ता हाच त्याचा पत्ता असला पाहिजे.

ही रांग मध्ये ठेवल्यावर तिच्यावर सात पत्ते येतात. त्यामुळे मनातील पत्ता आता दहावा, अकरावा किंवा बारावा असतो. तिसऱ्या मांडणीत हे तिन्ही पत्ते चौथ्या आडव्या ओळीत येतात, आणि तेही प्रत्येक रांगेत एकेक. चौथी ओळ म्हणजे सात पत्त्यांच्या रांगेचा बरोबर मध्य. प्रेक्षकाने तिसऱ्यांदा रांग दाखविताच पत्ता निश्चित होतो. वरची सात आणि रांगेतील चौथा, मिळून अकरावा.

प्रेक्षकाला वाटते की आपण काहीच सांगितले नाही. वास्तविक त्याने पुष्कळ सांगितलेले असते. प्रत्येक प्रश्नाला तीन संभाव्य उत्तरे आहेत आणि असे तीन प्रश्न विचारले गेले. तीन वेळा तीन म्हणजे २७ निरनिराळ्या उत्तरमालिका संभवतात. २१ पत्त्यांतून एक ओळखण्यास एवढी माहिती पुरेशी आहे. संपूर्ण ५२ पत्त्यांचा कॅट घेतला तर मात्र तीन प्रश्न अपुरे पडतात; तेथे चौथा प्रश्न अपरिहार्य ठरतो. थोडक्यात, प्रयोगकर्ता पत्ता शोधत नाही. प्रेक्षक तो तीन हप्त्यांत सांगत असतो आणि मांडणीची पद्धत ते सांगणे नोंदवून ठेवीत असते.

चारशे वर्षांची परंपरा

पत्त्यांचे तीन ढीग करून मनातील पत्ता ओळखण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. फ्रान्समधील क्लोद गास्पार बाशे द मेझिरियाक यांनी १६१२ साली ल्यों येथे प्रसिद्ध केलेल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात तिचा समावेश आढळतो. हे बाशे गणिताच्या इतिहासात आणखी एका कारणाने स्मरणात आहेत. प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटस याच्या ग्रंथाची जी लॅटिन आवृत्ती त्यांनी १६२१ साली काढली, तिच्याच एका प्रतीच्या समासात पिएर द फर्मा यांनी आपले सुप्रसिद्ध 'अखेरचे प्रमेय' टिपून ठेवले होते.

पुढे जोसेफ दियाझ जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने १८१० मध्ये सुरू केलेल्या आपल्या गणितविषयक नियतकालिकात, १८१३-१४ च्या खंडात, या जादूची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. दाखविलेली रांग दर वेळी मध्येच ठेवली पाहिजे असे नाही. ती वर, मध्ये किंवा खाली ठेवल्याने पत्ता कोठे पोहोचेल याचा सर्वसाधारण नियम मांडता येतो, हा या चिकित्सेचा गाभा. त्यामुळेच गणिताच्या पुस्तकांत हा प्रयोग 'जेर्गोनचा ढिगांचा प्रश्न' या नावाने ओळखला जातो.

विसाव्या शतकात मार्टिन गार्डनर यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या गणित आणि जादू या विषयावरील पुस्तकात या प्रश्नाची सविस्तर ओळख करून दिली. कॅनडातील मेल स्टोव्हर यांनी सुचविलेला एक अतिविशाल प्रकारही त्यात आहे. एक हजार कोटी पत्ते, दहा ढीग आणि दहाच वेळा वाटप! प्रत्यक्षात हा प्रयोग करणे अर्थातच अशक्य. मात्र दहा प्रश्नांत हजार कोटींतून एक पत्ता निवडता येतो, हे त्यातून चटकन लक्षात येते.

प्रेक्षक सांगेल तो क्रमांक

एकवीस पत्त्यांच्या प्रयोगाचा दोष असा की, पत्ता नेहमी अकरावाच येतो. दुसऱ्यांदा करून दाखविताच चाणाक्ष प्रेक्षक ते हेरतो. जेर्गोनच्या नियमाचा आधार घेऊन २७ पत्ते वापरले, तर हा दोष दूर होतो. येथे प्रेक्षकालाच १ ते २७ मधील एक क्रमांक विचारावा. त्याचा पत्ता नेमका त्याच क्रमांकावर आणून दाखविता येतो.

कृती पूर्वीचीच, फक्त रांगा नऊ-नऊ पत्त्यांच्या. प्रेक्षकाने सांगितलेल्या क्रमांकातून एक वजा करावा. जी संख्या येते तितके पत्ते मनातील पत्त्याच्या वर असावयास हवेत. ही संख्या ९, ३ आणि १ यांच्या पटींत मांडावी. प्रत्येकाची पट शून्य, एक किंवा दोन असू शकते. एकची पट पहिल्या वेळी, तीनची पट दुसऱ्या वेळी आणि नऊची पट तिसऱ्या वेळी उपयोगात आणावयाची. पट शून्य असेल तर दाखविलेली रांग पालथ्या गड्डीत सर्वांत वर, एक असेल तर मध्ये आणि दोन असेल तर सर्वांत खाली ठेवावी.

उदाहरणार्थ, प्रेक्षकाने २० हा क्रमांक सांगितला. त्यातून एक वजा केल्यास १९ उरतात. १९ म्हणजे दोन नव्वे अठरा, शून्य तिके आणि एक एकं. म्हणून दाखविलेली रांग पहिल्या वेळी मध्ये, दुसऱ्या वेळी वर आणि तिसऱ्या वेळी खाली. क्रमांक ६ असेल तर वर पाच पत्ते हवेत. पाच म्हणजे एक तिके तीन आणि दोन एकं दोन. तेव्हा रांग पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा मध्ये आणि तिसऱ्यांदा वर. दर वेळी तिन्ही रांगा मध्ये ठेवल्या तर पत्ता चौदावा येतो, म्हणजे सत्तावीस पत्त्यांचा अचूक मध्य. दशमान पद्धतीत एकं, दहं, शतं ही जी स्थाने आहेत, त्यांच्या जागी येथे एकं, तीन आणि नऊ ही स्थाने आली, एवढेच. हे गणित तोंडी करावयाचे असल्याने थोडा सराव आवश्यक आहे. तो बोटांचा नव्हे, तर हिशेबाचा सराव होय.

प्रेक्षक चुकला तर

'आपोआप साधणारी' या शब्दांनी अनेक हौशी प्रयोगकर्त्यांची फसगत होते. गणित चुकत नाही हे खरे. पण गणिताला मिळणारी माहिती माणसाकडून येते. चारचौघांत पुढे बोलावलेला माणूस थोडा बावरलेला असतो. तो पत्ता विसरतो, बदामची अठ्ठी आणि चौकटची अठ्ठी यांत घोटाळा करतो, घाईत शेजारची रांग दाखवितो. अशा वेळी शेवटी भलताच पत्ता निघतो आणि सभेत हशा पिकतो. तो हशा कोणाच्या वाट्याला येतो, हा कळीचा प्रश्न आहे.

एकवीस पत्त्यांच्या प्रयोगात ही चूक नेमकी कोठे झाली, याचाही माग लावता येतो. तीनपैकी एकच उत्तर चुकले असेल, तर पत्त्याच्या जागेवरून कोणते ते कळते. पहिले उत्तर चुकले आणि पुढची दोन बरोबर असली, तर पत्ता अकराव्याच्या अगदी लगत, म्हणजे दहावा किंवा बारावा असतो. सात शक्यतांपैकी एका शक्यतेत तर तो चूक होऊनही अकरावाच येतो! दुसरे उत्तर चुकल्यास पत्ता आठवा, नववा, तेरावा किंवा चौदावा निघतो. तिसरे उत्तर चुकल्यास तो वरून चौथा किंवा अठरावा असतो. म्हणजे पहिल्या उत्तरातील चूक पुढच्या दोन मांडण्यांत जवळजवळ विरून जाते. अखेरच्या उत्तरातील चूक मात्र पत्त्याला सात जागा दूर नेते.

याचा व्यावहारिक उपयोग सोपा आहे. अकरावा पत्ता उलटण्यापूर्वी प्रेक्षकाला त्याच्या पत्त्याचे नाव मोठ्याने सांगण्यास सांगावे. अकराव्या जागी तो नसेल, तर गडबडून न जाता सर्व पत्ते क्रम न मोडता सुलटे पसरावेत आणि वरील जागांवर नजर टाकून त्याचा पत्ता शांतपणे पुढे सरकवावा. पत्ता सापडल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. चूक दुसऱ्या उत्तरात होती की तिसऱ्या, हे प्रयोगकर्त्याला त्याच क्षणी कळलेले असते. ते जाहीर करण्याचे मात्र काहीही कारण नाही. 'काका, तुम्ही चुकीची रांग दाखविलीत' असे म्हणून प्रयोगकर्ता स्वतःची बाजू सावरू शकतो. पण त्यामुळे केवळ विनंतीला मान देऊन पुढे आलेल्या माणसाला सभेसमोर खाली पाहावे लागते.

चूक टाळण्याचे उपायही आहेत. मनातील पत्ता शेजारी बसलेल्याच्या कानात सांगण्यास किंवा चिठ्ठीवर लिहून घडी करून ठेवण्यास सांगावे. त्यामुळे विस्मरणाचा धोका टळतो. शिवाय पत्ता केवळ एकाच्या मनात असेल तर बाकीच्यांना तीन वेळा पत्ते मांडण्याचा सोहळा कंटाळवाणा वाटतो. दोघातिघांना तो ठाऊक असला की तेही रांगांमधून त्याचा शोध घेत गुंतून राहतात. रांग विचारताना घाई करू नये. 'ताई, सावकाश पाहा, काही घाई नाही' एवढे एक वाक्य पुष्कळ चुका वाचविते.

शेवट कसा करावा?

अकरा आकडे मोजून पत्ता उलटणे हा सर्वांत नीरस शेवट होय. त्यामुळे गणिताचा वासही लागतो. त्याऐवजी मराठी अक्षरांचा आधार घेता येतो. 'हाच तुमच्या मनातला पत्ता' या वाक्यात बरोबर अकरा अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षर उच्चारीत एकेक पालथा पत्ता टेबलावर ठेवावा. 'हा', 'च', 'तु', 'म', 'च्या' असे करीत शेवटच्या 'त्ता' या अक्षरावर हाती येतो तो मनातील पत्ता. अक्षरे मोजण्याचे काम प्रेक्षकावरच सोपविले, तर पत्ते त्याच्याच हातून उलगडतात आणि टाळ्यांचा वाटाही त्याला मिळतो.

दावा कशाचा करावा?

अशा प्रयोगांचे निवेदन करताना 'मी तुमच्या मनातले ओळखतो' असे म्हणण्याचा मोह होतो. करमणुकीच्या कार्यक्रमात प्रेक्षक ते खेळ म्हणूनच घेतात. मात्र तेच वाक्य अडचणीत सापडलेल्या माणसासमोर, गंडेदोरे आणि अंगारा यांच्या संगतीने उच्चारले गेले, की खेळाचे रूपांतर फसवणुकीत होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी 'चमत्कार' करून दाखविले आणि त्यामागचे कारणही तेथल्या तेथे उलगडून सांगितले, ते याच कारणासाठी. डॉ. दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाल्यानंतर, त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला.

एकवीस पत्त्यांच्या प्रयोगातील रहस्य किती राखावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. व्यावसायिक जादूगार ते उघड करीत नाहीत; शाळेतील गणिताच्या शिक्षकाला मात्र तेच सर्वाधिक उपयोगाचे. स्थानिक किमतीची कल्पना, पर्याय टप्प्याटप्प्याने कमी करीत जाण्याची पद्धत, चुकीच्या माहितीचा अंतिम उत्तरावर होणारा परिणाम, या तिन्ही गोष्टी एका कॅटच्या साहाय्याने अर्ध्या तासात समजावून देता येतात. एका विद्यार्थ्याला मुद्दाम एक उत्तर चुकीचे देण्यास सांगून, चूक कितव्या प्रश्नात झाली ते उरलेल्या वर्गाने शोधावे, हा तर मूळ जादूइतकाच रंगणारा खेळ ठरतो.